बँड तर आला, पण प्रोटीन कुठलं? बॅक्टेरियावर केमिकल प्रोब वापरताना

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: स्टॅफ ऑरियस (रोग करणारा एक बॅक्टेरिया, पुढे नुसतं स्टॅफ) वाढवला, पेशी फोडून लायसेट, म्हणजे आतल्या सगळ्याचं पाणी, केलं, त्यात फ्लोरोफॉस्फोनेट-बायोटिन प्रोब (चालू एन्झाइमला चिकटणारा, बायोटिनची खूण लावलेला रेणू) टाकला, जेलवर प्रोटीन्स आकाराप्रमाणे वेगळी केली आणि स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपीने (बायोटिनला धरून त्याची जागा दाखवणारं प्रोटीन) ब्लॉट केला. पंधराएक बँड आले. प्रोब टाकायच्या आधी उकळलेल्या सॅम्पलच्या लेनमध्येही त्यातले तीन-चार जसेच्या तसे आहेत. यातले खरे कुठले? आणि मुळात सरळ मास स्पेक (तुकड्यांचं वजन मोजून प्रोटीन ओळखायची पद्धत) करून सगळी प्रोटीन्स मोजली असती तर एवढा खटाटोप करायची गरज काय?

दुसरा भाग आधी घेतो, तो नीट डोक्यात बसला की कंट्रोल का लावायचे ते वेगळं सांगावं लागत नाही.

मास स्पेकने कळतं की प्रोटीन आहे. ते काम करतंय का, हे त्यातून कळत नाही, आणि रोग करणाऱ्या बॅक्टेरियामध्ये सगळी गंमत त्यातच असते. स्टॅफचंच बघा ना. त्याची बाहेर सोडलेली प्रोटिएज (प्रोटीन कापणारी एन्झाइम) एकमेकांना साखळीने चालू करतात, ऑरिओलायसिन व्ही८ प्रोटिएजला कापतं, मग ते चालू झालेलं व्ही८ पुढे स्टॅफोपेन बीला कापतं, आणि तोपर्यंत ही दोघं नुसती पडून असतात. शिवाय स्टॅफोपेन बी चुकून आतच चालू झालं तर स्वतःचीच प्रोटीन्स कापली जाऊ नयेत म्हणून बॅक्टेरियाने पेशीच्या आत त्याचा इनहिबिटरसुद्धा ठेवलाय, स्टॅफोस्टॅटिन म्हणतात त्याला. आता नेहमीच्या ट्रिप्सिन-मास स्पेकमध्ये न कापलेलं, कापलेलं आणि इनहिबिटर चिकटलेलं, तिन्हीचे पेप्टाइड जवळपास सारखेच येणार, म्हणजे यादीत 'स्टॅफोपेन बी: आहे' एवढंच दिसणार. आरएनए मोजून तर त्याहूनही कमी कळतं. प्रोब मात्र अ‍ॅक्टिव्ह साइट उघडी आणि कामाच्या स्थितीत असेल तरच नीट चिकटतो, त्यामुळे तो प्रोटीनची हजेरी घेत नाही, कोण खरंच कामावर आहे ते सांगतो.

दुसरं कारण म्हणजे स्टॅफमध्ये अडीच हजारांहून जास्त जीन आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जीनसमोर अजून 'हायपोथेटिकल प्रोटीन' एवढंच लिहिलेलं असतं. टीबीच्या बॅक्टेरियाचा जीनोम १९९८ साली वाचून झाला, जवळपास ४००० जीन निघाले, आणि इतक्या वर्षांनीही त्यातल्या कितीतरी जीनचं काम माहीत नाही. अशा प्रोटीनला फ्लोरोफॉस्फोनेट चिकटला तर निदान एवढं तरी हातात येतं की हे सिरीन हायड्रोलेज (सिरीन या अमिनो आम्लाच्या जोरावर रेणू तोडणारं एन्झाइम) आहे, ते चालू आहे आणि त्याच्यावर एखादा छोटा रेणू बसू शकतो. औषध शोधणाऱ्या माणसाला ही तिसरी गोष्ट फार मोलाची असते.

आता प्रोब म्हणजे नक्की काय. एका टोकाला वॉरहेड, म्हणजे प्रोटीनला पक्का बॉंड करणारा भाग, मध्ये लिंकर, दुसऱ्या टोकाला टॅग, म्हणजे चमकणारा डाय किंवा बायोटिन किंवा नुसता छोटासा अल्काइन ज्याला नंतर क्लिक केमिस्ट्रीने डाय जोडता येतो. फ्लोरोफॉस्फोनेट-बायोटिनने सिरीन हायड्रोलेजचं अख्खं कुटुंब एका फटक्यात पकडता येतं हे क्रॅव्हॅटच्या ग्रुपने १९९९ मध्ये दाखवलं आणि तिथून ही पद्धत पसरली. पण बॅक्टेरियावाल्यांनी ही कल्पना त्याच्या खूप आधीपासून वापरलेली आहे, फक्त त्याला हे नाव नव्हतं. पेनिसिलिन हाच मुळात प्रोब आहे. ते पेशीभित्तीच्या डी-अ‍ॅलानिन-डी-अ‍ॅलानिन या शेपटीसारखं दिसतं, भिंत विणणारी एन्झाइम फसतात आणि त्यांच्या अ‍ॅक्टिव्ह साइटमधलं सिरीन पेनिसिलिनला चिकटून बसतं. १९७५ मध्ये ब्रायन स्प्रॅटने रेडिओअ‍ॅक्टिव्ह पेनिसिलिन ई. कोलायच्या मेम्ब्रेनमध्ये टाकून जेल चालवला आणि बँडना वरून खाली नंबर दिले, पीबीपी (पेनिसिलिनला चिकटणारं प्रोटीन) १, २, ३ असे, तेच नंबर आपण आजही वापरतो. पण तो नुसते बँड मोजून थांबला नाही, आणि माझ्या मते तुमच्यासाठी शिकण्यासारखं तेच आहे. मेसिलिनाम हे अँटिबायोटिक आधी टाकलं की पीबीपी २ चा बँड जातो आणि पेशी गोल होतात, सेफॅलेक्सिनने पीबीपी ३ जातो आणि पेशी दोन होता होता अडकून लांब दोऱ्यासारख्या वाढतात. म्हणजे कुठल्या रेणूने कुठला बँड गेला आणि तेव्हा पेशीचं काय झालं, या दोन गोष्टी त्याने शेजारी शेजारी ठेवल्या. पन्नास वर्षांत डाय बदलले, मशीन बदलल्या, या विचाराच्या पुढे फार कोणी गेलेलं नाही. हल्ली त्याच कामाला बोसिलिन एफएल मिळतं, पेनिसिलिन व्हीला डाय जोडलेला, अर्धा तास इन्क्युबेट करा, जेल चालवा आणि थेट स्कॅन करा.

आता तुमच्या ब्लॉटकडे येऊ. उकळलेल्या लेनमध्ये राहिलेले बँड वाचताना माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा की प्रोब न टाकलेली, नुसतं डीएमएसओ (प्रोब ज्यात विरघळवतात ते द्रावण) टाकलेली लेन कुठे आहे? तुम्ही तिचा उल्लेखच केलेला नाही. ती लेन चालवली असती तर मला खात्री वाटते की त्यातले निदान एक-दोन बँड तिथेही दिसले असते, कारण बॅक्टेरियाची स्वतःची बायोटिन लावलेली प्रोटीन्स असतात. स्टॅफमध्ये पायरुव्हेट कार्बोक्सिलेज आहे, साधारण १३० किलोडाल्टनच्या आसपास, आणि खाली अ‍ॅसिटिल-कोए कार्बोक्सिलेजचं छोटं बायोटिनवालं सबयुनिट आहे. ई. कोलाय वापरला तर खालचं ते छोटंच काय ते ठळक दिसतं. स्ट्रेप्टाव्हिडिनला काय, बायोटिन प्रोबमधून आलंय की बॅक्टेरियाने स्वतः लावलंय याच्याशी देणंघेणं नाही, आणि उकळल्याने ते बायोटिन जात नाही. तेव्हा वर एक जाड आणि खाली एक असे बँड राहिले असतील तर ते प्रोबचे नाहीतच असं आधी समजून चाला, डीएमएसओ लेनने ते पक्कं होईल. हा त्रास नकोच असेल तर फ्लोरोफॉस्फोनेटला रोडामाइन जोडलेला प्रोब घ्या आणि जेल सरळ स्कॅन करा, ब्लॉट नको आणि स्ट्रेप्टाव्हिडिनही नको. (अँटीबॉडीने बघायचा विचार असेल तर स्टॅफमध्ये आणखी एक खड्डा आहे, त्याचं प्रोटीन ए जवळपास कुठल्याही आयजीजीला धरतं, आणि तुम्हाला एक सुंदर ठळक बँड मिळतो ज्याचा तुमच्या प्रयोगाशी काही संबंध नसतो.)

डीएमएसओ लेनमध्ये नसलेला पण उकळलेल्या लेनमध्ये असलेला बँड म्हणजे प्रोब कुठेही चिकटतोय. हे बहुतेक वेळा प्रोब जास्त झाल्याचं लक्षण असतं. सगळे जण सुरुवातीला प्रोब भरपूर टाकतात, बँड ठळक यावेत म्हणून, आणि मग नको ती प्रोटीन्सही चिकटतात, विशेषतः जी पेशीत ढिगाने असतात ती, इलाँगेशन फॅक्टर टीयू वगैरे. एक छोटी मालिका लावा, साधारण ०.१ पासून १० मायक्रोमोलरपर्यंत, आणि जिथे खरे बँड भरलेत पण उकळलेली लेन अजून स्वच्छ आहे तिथे थांबा. तसंच वेळेचंही बघा, ५ मिनिटं, १५, ६०. वेळ का महत्त्वाची तर काही एन्झाइम प्रोबला धरून नंतर सोडूनही देतात. फ्लोरोफॉस्फोनेटच्या बाबतीत हे कमी होतं पण पेनिसिलिनचं बघा, ई. कोलायचं पीबीपी ५ पेनिसिलिनला इतरांच्या मानाने लवकर सोडतं, तेव्हा तुम्ही किती वेळाने बघितलं त्यावर तो बँड ठळक की पुसट ते ठरतं. एकाच वेळेचा फोटो बघून निष्कर्ष काढू नका.

आणि उकळलेल्या कंट्रोलवर डोळे झाकून विश्वासही ठेवू नका. उकळल्यावर प्रोटीन उलगडतं, आत लपलेली सिस्टीन बाहेर येतात, आणि सिस्टीनला चिकटणारा प्रोब असेल, आयोडोअ‍ॅसिटामाइड किंवा क्लोरोअ‍ॅसिटामाइड, तर उकळलेल्या लेनमध्ये उलट जास्त बँड येतात. तिथे घाबरून प्रोब फेकून द्यायचा नसतो. तिथे खरा निकाल कॉम्पिटिशनने लागतो. आधी टॅग नसलेला रेणू टाका, वाढत्या डोसमध्ये, मग प्रोब टाका. जो बँड डोसप्रमाणे हळूहळू पुसट होत जातो तो त्या रेणूचा, आणि जो हलतच नाही तो पाहुणा. माझ्याकडे काम करणाऱ्यांना मी कॉम्पिटिशनशिवाय बँडवर बाणसुद्धा काढू देत नाही, कारण एकदा बाण काढला की माणूस त्या बँडच्या प्रेमात पडतो आणि पुढचे सहा महिने त्याच्या मागे जातात, हे मी फार वेळा बघितलंय.

एक चूक माझी स्वतःची सांगतो. सुरुवातीच्या काळात एक पूर्ण आठवडा माझे जेल कोरे येत होते, प्रोब नवा, लायसेट ताजं, प्रोटीन भरपूर, आणि एकही बँड नाही. शेवटी एकेक बाटली तपासत गेलो तर पेशी फोडायच्या बफरमध्ये सवयीने प्रोटिएज इनहिबिटर कॉकटेल टाकलेलं होतं. त्यात पीएमएसएफ किंवा एईबीएसएफ असतं आणि ते नेमकं अ‍ॅक्टिव्ह साइटच्या सिरीनलाच चिकटतं, म्हणजे प्रोब पोचायच्या आधीच जागा भरलेली. तुमच्या लॅबमध्ये कॉमन बफर कोणी बनवून ठेवत असेल तर त्यात काय काय आहे ते विचारून घ्या. क्लिक करणार असाल तर ईडीटीए आणि डीटीटीपण नको, क्लिकला लागणारं कॉपर ईडीटीए धरून ठेवतं आणि मग रिअ‍ॅक्शन होत नाही. टीसीईपी लागतं पण बेतानेच, जास्त झालं तर ते अल्काइनला जोडायच्या अझाइडलाच खातं.

स्टॅफ फोडायचा म्हणजे लायसोस्टॅफिन (त्याची भिंत तोडणारं एन्झाइम) किंवा बीड बीटिंग (बारीक मण्यांबरोबर जोरात हलवणं). लायसोझाइमने तो दाद देत नाही, त्याच्या भिंतीवर अ‍ॅसिटिल ग्रुप असतात त्यामुळे. बीड बीटिंग करताना ट्यूब गरम होते, मध्ये मध्ये बर्फात ठेवली नाही तर तुमचं 'जिवंत' सॅम्पलही निम्मं उकळलेलंच समजा. आणि सुपरनेटंट (पेशी खाली बसवल्यावर वर उरलेला मीडिया) फेकू नका! रोग करणारी कितीतरी एन्झाइम बाहेर सोडलेली असतात, लायपेज आणि वर सांगितलेली प्रोटिएज सगळी मीडियात असतात, तुम्ही नुसतं लायसेट बघताय म्हणजे अर्धं चित्र टाकून दिलंय. कल्चर कधी काढलं हेही लिहून ठेवा, कारण स्टॅफमध्ये गर्दी झाल्यावर एजीआर सिस्टिम चालू होते आणि टॉक्सिन, प्रोटिएज वगैरे तेव्हा बाहेर पडायला लागतात, लॉग फेजमधला (जोरात वाढ चालू असतानाचा) जेल आणि रात्रभर वाढवलेला जेल शेजारी ठेवले तर दोन वेगळे बॅक्टेरिया वाटतात.

लायसेट की जिवंत पेशी हा निर्णय मात्र विचार करून घ्या. लायसेट सोपं, पण पेशी फोडली की आतलं पीएच, मीठ, जोडीदार प्रोटीन्स, सगळं बदलतं. मी शक्य असेल तिथे जिवंत पेशीतच लेबल करतो आणि त्यासाठी अल्काइनवाला छोटा प्रोब घेतो, कारण बायोटिन आणि मोठे डाय आत जायला त्रास देतात. प्रोबचा डोस बॅक्टेरिया मरतील एवढा ठेवायचा नाही, नाहीतर मरणाऱ्या पेशीचं प्रोफाइल मिळतं.

आता तुम्ही म्हणाल की हे सगळं करून शेवटी मिळतं काय. तुमच्याच स्टॅफमध्ये बोग्योच्या ग्रुपने २०१८ मध्ये फ्लोरोफॉस्फोनेट प्रोबनेच दहा हायड्रोलेज शोधली ज्यांच्याबद्दल जवळपास काहीच माहिती नव्हती, त्यांना एफपीएच ए ते एफपीएच जे अशी नावं दिली, आणि त्यातलं एफपीएचबी काढून टाकल्यावर उंदरात इन्फेक्शन कमी झालं. त्याच्या दहा वर्षं आधी, २००८ मध्ये, बॉटशर आणि झीबरने बीटा-लॅक्टोन प्रोबने स्टॅफचं क्लिपपी पकडलं. क्लिपपी म्हणजे चौदा सबयुनिटचं पिंप, आत सिरीन प्रोटिएज. ते बंद केलं तर बॅक्टेरिया मरत नाही पण त्याचं हिमोलायसिन (रक्तपेशी फोडणारं टॉक्सिन) आणि प्रोटिएज सोडणं खूप कमी होतं. बॅक्टेरिया मारायचा नाही, नुसता निःशस्त्र करायचा, या विचाराला त्या कामाने जोर आला. औषध म्हणून मात्र लॅक्टोनची रिंग रक्तात टिकत नाही, पाण्याने तुटते, आणि हे मी मुद्दाम सांगतोय, प्रोब म्हणून उत्तम असलेला रेणू औषध म्हणून चालेलच असं धरू नका.

मला सगळ्यात आवडणारी दोन उदाहरणं मात्र फ्लास्कमध्ये वाढवलेल्या बॅक्टेरियाच्या बाहेरची, खऱ्या इन्फेक्शनमधली आहेत. एक कॉलऱ्याचं. २०१६ मध्ये वॉल्डरच्या लॅबमधून आलेल्या कामात प्रोब थेट इन्फेक्शन झालेल्या सशाच्या पिल्लांच्या आतड्यातल्या पाण्यात आणि कॉलऱ्याच्या पेशंटच्या जुलाबाच्या सॅम्पलमध्ये टाकला. त्यात बॅक्टेरियाने सोडलेली सिरीन प्रोटिएज चालू अवस्थेत सापडली, त्यातलं एक आयव्हॅपी, आणि ते शरीराचं इंटेलेक्टिन नावाचं प्रोटीन बॅक्टेरियावर बसू देत नाही असं दिसलं. फ्लास्कमध्ये वाढवून हे कधीच कळलं नसतं. दुसरं क्लॅमिडियाचं, २००६. हा बॅक्टेरिया आपल्या पेशीच्या आतच वाढतो, आणि तेव्हा त्याच्यात जीन बदलायची सोय नव्हती. मग प्रोब म्हणून अख्खं युबिक्विटिनच (आपल्या पेशी इतर प्रोटीनवर खूण म्हणून लावतात ते छोटं प्रोटीन) घेतलं, टोकाला वॉरहेड लावून, आणि इन्फेक्शन झालेल्या पेशींच्या लायसेटमध्ये टाकल्यावर क्लॅमिडियाची दोन डीयुबिक्विटिनेज, म्हणजे ती खूण कापून काढणारी एन्झाइम, सापडली. बॅक्टेरियाकडे स्वतःचं युबिक्विटिन नाही, तरी ते कापणारी एन्झाइम त्याने बाळगलीत, म्हणजे ती कुणाच्या प्रोटीनवर चालवायला ठेवलीत हे उघडच आहे. जिथे जेनेटिक्स चालत नाही तिथे केमिस्ट्रीने दार उघडतं ते असं.

पुढे ग्रॅम निगेटिव्हकडे (ई. कोलायसारखे, बाहेरून आणखी एक मेम्ब्रेन असलेले बॅक्टेरिया) जाणार असाल तर आधीच सांगतो, मनस्ताप वाढतो. बाहेरच्या मेम्ब्रेनच्या पोरिनमधून साधारण ६०० डाल्टनपर्यंतचेच पाण्यात विरघळणारे रेणू बरे जातात, आणि जे आत जातात त्यांना एफ्लक्स पंप बाहेर फेकतात. बँड आला नाही याचा अर्थ टार्गेट नाही असा होत नाही, कदाचित प्रोब पोचलाच नसेल. टॉलसी (पंपाचा बाहेरचा भाग) काढलेला स्ट्रेन आणि साधा स्ट्रेन शेजारी चालवा, पंपाचा हात किती ते लगेच कळतं. टीबीच्या बाजूला मायकोलिक अ‍ॅसिडची मेणचट भिंत आहे, आणि जिवंत टीबीसाठी बीएसएल-३ (कडक सुरक्षेची लॅब) लागतं, तेव्हा बहुतेक जण आधी स्मेग्मॅटिसवर (टीबीचा कमी धोक्याचा नातेवाईक) पद्धत बसवतात. ते योग्यच आहे, फक्त स्मेग्मॅटिसचा जीनोम बराच मोठा आणि त्याची हायड्रोलेज वेगळी, तिथला बँड पॅटर्न टीबीवर चिकटवू नका. टीबीत या पद्धतीचा खरा उपयोग झोपलेल्या बॅक्टेरियात आहे, ऑक्सिजन कमी केला की वाढ थांबते पण सगळी एन्झाइम थांबत नाहीत, आणि कुठली चालू राहिली ते प्रोबच दाखवतो.

ज्या प्रोटीनला असा चिकटणारा सिरीन किंवा सिस्टीन नाही तिथे डायाझिरिनवाले फोटोप्रोब वापरतात, ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही मारला की जवळ जे असेल त्याला पकडतात. 'जवळ जे असेल' हीच त्याची अडचण. यूव्ही न मारलेली लेन, कॉम्पिटिशनची लेन आणि प्रोबसारखाच दिसणारा पण काम न करणारा रेणू, हे तिन्ही नसतील तर त्या डेटावर मी वेळ घालवत नाही.

तर तुम्ही आता काय करायचं. तेच कल्चर पुन्हा, इनहिबिटर कॉकटेल न घालता, लायसेट आणि सुपरनेटंट दोन्ही, आणि प्रत्येकाच्या चार लेन: डीएमएसओ, प्रोब, उकळून प्रोब, आणि आधी पीएमएसएफ मग प्रोब. ज्याने माझे जेल कोरे आले तेच पीएमएसएफ इथे कामाला येईल, जो बँड त्याने पुसट झाला त्याच्यात चालू सिरीन आहे असं धरायला बळकट आधार मिळतो. नाही झाला तरी लगेच बाद करू नका, सगळी सिरीन हायड्रोलेज पीएमएसएफला सारखी दाद देत नाहीत. हे जमलं की मग बायोटिन प्रोब आणि अ‍ॅव्हिडिन बीड्स, एसडीएस आणि युरियाने कडक धुवा, बीड्सवरच ट्रिप्सिन, आणि डीएमएसओ विरुद्ध प्रोब निदान तीन-तीन स्वतंत्र कल्चरमधून, एकच कल्चर तीनदा मोजून नाही. यादीत पायरुव्हेट कार्बोक्सिलेज दोन्हीकडे सारखं आलं तर पुल-डाउन चाललंय हे समजा.

यादीतून नाव पक्कं करायला नेब्रास्काची ट्रान्सपोझॉन लायब्ररी (प्रत्येकात एकेक जीन बिघडवलेल्या बॅक्टेरियांचा संग्रह) बघा, स्टॅफच्या यूएसए३०० स्ट्रेनचे १९०० हून जास्त म्युटंट त्यात आहेत. ज्या म्युटंटच्या लेनमध्ये तुमचा तो एकच बँड गेला आणि बाकीचे जागेवर राहिले, तो जीन तुमचा. मग तोच जीन प्लाझमिडवरून परत द्या, एकदा साधा आणि एकदा सिरीनच्या जागी अ‍ॅलानिन घालून, साध्यात बँड परत यायला हवा आणि अ‍ॅलानिनवाल्यात नाही.